फाटकाबाहेरून सही

आमच्या कंपनीच्या फाटकावर एक मोठं रजिस्टर असायचं. आत आल्याची एक सही, बाहेर गेल्याची एक सही. आम्ही सगळे सकाळीच दोन्ही सह्या उरकून टाकायचो. सुटायच्या वेळी त्या गर्दीत पेन कोण मागत बसणार? वॉचमनही काही म्हणायचा नाही, त्याचंच काम हलकं व्हायचं. हा एकटा माणूस मात्र संध्याकाळी फाटकातून बाहेर पडायचा, रस्त्यावर उभा राहायचा आणि मग गजांमधून हात आत घालून सही करायचा. पावसात छत्री मानेत धरून करायचा.

पहिल्याच आठवड्यात वॉचमन त्याला म्हणाला, "साहेब, आतनंच करा की. दोन पावलांचा तर फरक हाय."

तो म्हणाला, "दोन पावलांत माणूस मागं फिरतो की हो. बाहेर गेल्याबिगर 'गेलो' म्हणून कसं लिहू?"

वॉचमननं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. डोक्यावर परिणाम झालेली माणसं कंपनीत याआधीही येऊन गेली होती.

मी भट्टीवर होतो. तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. शाळा चौथीपर्यंत. हे लिहिताना कुठं चुकलं तर सांभाळून घ्या, असं मी म्हणणार नाही. भट्टीवरही मी कुणाला तसं म्हणालो नाही. चाकणच्या पुढं आमची हीट ट्रीटमेंटची कंपनी. घडवलेला माल आमच्याकडं यायचा, पिना, दांडे, गिअर. तो लाल करायचा आणि तेलात बुडवायचा. त्यानं तो कडक होतो. पण नुसता कडक झालेला माल काचेच्या जातीचा, दणका बसला की फुटणार. म्हणून त्याला परत कमी आचेवर दोन तास शेकायचं. ह्याला टेंपरिंग म्हणतात. ह्यातली मेख अशी की हे शेकणं डोळ्याला दिसत नाही. शेकलेली पिन आणि न शेकलेली पिन शेजारी शेजारी ठेवली तर मी सुद्धा नुसत्या नजरेनं सांगू शकणार नाही. आणि लाल मालाचा रंग बघून मी आच पाच-दहा डिग्रीत सांगायचो, हे तिथल्या कुणालाही विचारा.

आधी भट्टीला गोल कागदाचा ग्राफ होता. पेन फिरायचं, शाईची रेघ उमटायची. मग गिऱ्हाईक कंपन्यांनी सांगितलं, सगळी नोंद कॉम्प्युटरवर पाहिजे. कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग, त्याचा प्रोग्राम लिहायला, हा आला. लातूरकडचा. उंच, जरा वाकलेला, चाळिशीचा. गळ्यात दोरा आणि दोऱ्याला पेन्सिल. पेन वापरायचा नाही, शाई पाण्यानं जाते म्हणायचा. त्याच्या बोलण्यात एक प्रश्न ठरलेला होता. कुणी काहीही झालं म्हणालं की तो विचारायचा, "झालंय, का म्हणायलाव?"

कॅन्टीनवाला सांगायचा, "साहेब, चहा पाठवला."

"पाठवला का निघाला?"

"निघाला."

"कुठवर आलाय?"

कॅन्टीनवाला शेवटी शेवटी स्वतःच कप घेऊन यायचा आणि त्याच्या हातात देऊन म्हणायचा, "पोचला. आता बोला."

दसऱ्याला मशीनची पूजा असते, तेव्हा सगळ्यांच्या घरची माणसं येतात. त्याची बायको आली होती. हसतमुख बाई. आमच्या बायकांत बसून सांगत होती, "गॅस बंद केला का म्हणून ऑफिसातनं फोन करतात. मी म्हणते, केला. मग म्हणतात, आता स्वयंपाकघरात उभी आहेस का हॉलमध्ये? हॉलमध्ये असले तर म्हणतात, जा, बघ, बघता बघता सांग."

माझ्या घरची म्हणाली, "मंग काय करता वो?"

"काय करणार? आता मी फोन घेतानाच स्वयंपाकघरात जाते."

चाकणच्या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी. त्या दिवशी बाहेरची वीज बंद असते. त्याला तोच दिवस आवडायचा. गुरुवारी तो यायचा, एरवी थेट लाईटवर चालणारा कॉम्प्युटर घरून आणलेल्या बॅटरीच्या डब्यावर चालू करायचा, पडद्यावर आकडे पळायला लागले की मध्येच जाऊन वायर उपटायचा. परत लावायचा, मशीन उठायचं, तो वहीत पेन्सिलीनं काहीतरी मांडायचा, परत उपटायचा. एका गुरुवारी तीस-चाळीस वेळा. मेन्टेनन्सच्या पोरांनी त्याचं नाव उपटेसाहेब ठेवलं. त्याला ते कळलं होतं. त्याची त्याला काही हरकत नव्हती.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला हटकलं. "राव, चांगलं चालतं मशीन. त्येचा जीव का घेता?"

त्यानं डबा बाजूला सरकवला. "मामा, तुम्ही बटण दाबता तेव्हा पडद्यावर काय येतं?"

"नोंद झाली."

"कुठं झाली?"

"ह्या डब्यात."

"डब्यात दोन जागा आहेत. एक जागा पाटीसारखी. झटक्यात लिहिते, पण लाईट गेली की पुसली. दुसरी म्हणजे डिस्क. ती सावकाश लिहिते, पण लाईट गेली तरी राहतं. मशीनला असते घाई. ते पाटीवर लिहितं अन् तुम्हाला म्हणतं 'झालं'. मग सवडीनं डिस्कवर उतरवतं. उतरवताना पण तुम्ही सांगितलेल्या क्रमानं नाही, स्वतःच्या सोयीनं. मागचं आधी, आधीचं मागं."

"मंग तुमी काय करता?"

"मी त्याच्या मानगुटीवर बसतो. म्हणतो, हे डिस्कवर उतरव. उतरल्याबिगर पुढचं घ्यायचं नाही अन् मामाला 'झालं' म्हणायचं नाही."

"मिटलं की मंग."

"कुठलं मिटायलंय! डिस्कच्या पोटात पण एक खिसा असतो. तिला म्हटलं उतरव, की बरी डिस्क खिसा रिकामा करून मग 'उतरवलं' म्हणते. हलकी असली तर खिशावर हात ठेवूनच म्हणते."

"वळखायची कशी?"

"वायर उपटायची. दुसरा इलाज नाही."

मला हे पटलं. माणसांतही अशीच जात असते. मग त्यानं मला क्रम सांगितला. आधी एका कोपऱ्यात लिहून ठेवायचं की मी हे करणार आहे. ते पक्कं बसलं की काम करायचं. काम पक्कं बसलं की सगळ्यांत शेवटी टिक. "काम अर्धं राहिलं अन् टिक नसली, तर लाईट आल्यावर मशीनला कळतं. ते परत करतं. पण टिक आधी बसली अन् काम राहिलं, तर मशीनला सोडा, देवाला पण कळत नाही."

मी म्हणालो, "येवढं तर आमच्यासारख्या अडाण्यालाबी कळतं, राव."

तेव्हा माझ्या पाठीमागं भट्टीत माल होता, आणि भट्टीच्या ट्रॉलीवर हिरवी चिठ्ठी लटकत होती.

हिरव्या चिठ्ठीचं सांगतो. माल शेकून झाला, पुढं न्यायला हरकत नाही, अशी ती चिठ्ठी. बारीक तारेनं बांधायची. पण माल भरलेली जाळी भट्टीतून बाहेर येते तेव्हा हातात जाडे हातमोजे असतात. त्यांत ती तार पिळता येत नाही, आणि हातमोजा काढावा तर बोट भाजतं. म्हणून मी जाळी आत घालतानाच चिठ्ठी ट्रॉलीच्या हुकाला लावून ठेवायचो. माल दोन तासांनी होणारच होता. मी घातलेला माल झाला नाही असं एकदाही झालं नव्हतं. माझ्या आधीचा भट्टीवाला तसंच करायचा, मीही तसंच करायचो.

उपटेसाहेबानं आणखी एक उद्योग केला होता. भट्टीच्या झाकणाला एक जुनाट आकड्यांचा मीटर बसवला होता. झाकण उघडलं की खटका बसायचा आणि एक आकडा पुढं सरकायचा. त्याला ना वायर, ना लाईट. मॅनेजर म्हणाला, एवढा कॉम्प्युटर असताना हे खेळणं कशाला? तो म्हणाला, असू द्या. लाईट जाऊन आली की तो आधी त्या मीटरजवळ जायचा, आकडा बघायचा आणि मग झाकण किती वेळा उघडलं म्हणून कॉम्प्युटरनं लिहिलंय तो आकडा बघायचा. दोन्ही जुळले की शिट्टी वाजवत जायचा. वर्षभर दोन्ही जुळत होते. आम्हाला त्याच्या शिट्टीचीही सवय झाली.

दुसऱ्या पाळीवर बीडकडचा एक ऑपरेटर होता, तिशीतला. कामाला चांगला, हे मी आज लिहितो. तेव्हा लिहिलं नसतं. एकदा चारचौघांत तो मला म्हणाला होता, "मामा, रंग बघून आच सांगायचे दिवस गेले. मीटर बघा." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. पाळी बदलताना काय आत आहे, काय बाहेर आहे, हे तोंडी सांगायचं असा नियम होता. मी चिठ्ठीकडं बोट करायचो आणि हात धुवायला जायचो. चिठ्ठी असताना मी कशाला तोंड उघडू?

तो बुधवार होता. माल होता टिपरच्या पिनांचा. खडीच्या टिपरला मागं फाळका असतो, तो ज्या पिनेवर अडकतो ती पिन. दोन बोटं जाड, वीतभर लांब. चारशे वीस नग. एरवी एक लॉट एका जाळीत बसायचा. हा मोठा होता, म्हणून दोन जाळ्या केल्या. पहिली जाळी सकाळी शेकून काढली, कॉम्प्युटरनं लॉटपुढं 'पूर्ण' लिहिलं. मग भट्टीत दुसरा अर्जंट माल घातला, तो निघाला, आणि तीनला दोन-तीन मिनिटं कमी असताना मी पिनांची दुसरी जाळी आत सोडली. बटण दाबलं. पडद्यावरचं 'पूर्ण' गेलं, 'परत चालू' आलं, खाली 'नोंद झाली' असंही आलं. मी चिठ्ठी लावली. भोंगा झाला. बीडवाला आला. मी चिठ्ठीकडं बोट केलं आणि नळावर गेलो. हाताला साबण लावतोय तोच लाईट गेली.

लाईट जाते, त्यात काय. मी घरी गेलो. आमचं गाव कंपनीपासून सायकलच्या अंतरावर.

पाचच्या सुमाराला मॅनेजरचा फोन आला, लगेच या. गेलो तर फाटकाच्या आत भरलेला टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्न देतोय आणि समोर बॉनेटला दोन्ही हात लावून उपटेसाहेब उभा. बाजूला मॅनेजर, बीडवाला आणि पाच-पन्नास माणसं.

मॅनेजर म्हणत होता, "कॉम्प्युटर म्हणतो पूर्ण. चिठ्ठी हिरवी आहे. तुमच्याच मशीनवर तुमचा विश्वास नाही?"

"माझं आहे म्हणूनच नाही. झाकण सकाळपासून सात वेळा उघडलंय, सर. मशीन सहाच म्हणायलंय. एक कुठं गेलं?"

"त्या खेळण्याचं ऐकून मी गाडी थांबवू? उद्या गुरुवार. परवा सकाळी गिऱ्हाइकाची लाईन ह्या पिनांवाचून बंद पडते. कळतंय का तुम्हाला?"

"त्या खेळण्याला लाईट लागत नाही, सर."

मी सायकल लावली आणि पुढं झालो. म्हणालो, "माल माझ्या हातचा हाय. एकतीस वर्षांत माझा एक जॉब परत आला न्हाई. ह्यो आजबी येनार न्हाई."

मॅनेजरला बरं वाटलं. त्यानं टेम्पोतून एक पिन काढायला सांगितली, कडकपणा मोजायच्या मशीनवर नेली. काटा बरोबर जागेवर थांबला. शेकलेली पिन. सगळे उपटेसाहेबाकडं बघायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "घ्या, उपटा आता." हशा झाला. मीही हसलो.

तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "एक पिन बोलली. चारशे एकोणीस गप आहेत." मग माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलायला लागला. मला लाज वाटू नये म्हणून हळू, हे मला मागाहून कळलं.

"मामा, दुसरी जाळी कधी घातली?"

"तीनच्या आधी. दोन-तीन मिन्टं."

"अन् लाईट?"

"हात धूत व्हतो तवा."

"अन् चिठ्ठी कधी लावली?"

बीडवाला समोरच उभा होता. त्याचं तोंड उतरलं होतं. चिठ्ठी त्यानं लावली असं मी म्हणालो असतो तर कंपनीत एकानंही त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. एका बाजूला माझी एकतीस वर्षं होती, दुसऱ्या बाजूला त्याचे आठ महिने. हे मला त्या वेळी कळत होतं. कळत नव्हतं असं लिहिणार नाही.

मी म्हणालो, "घालतानाच."

"नेहमी?"

"नेहमी."

मॅनेजर बीडवाल्याकडं वळला. "तू जाळी कधी काढलीस?"

"सव्वातीनला, सर, अन् पुढचा माल घातला. लाईट आली, पडद्यावर 'पूर्ण' होतं, चिठ्ठी हिरवी होती. मला वाटलं झालेला माल आत बसलाय." मग खाली बघून म्हणाला, "विचारलं असतं, पण मामा बोलत नाहीत माझ्यासंग."

त्यानं दोन्ही जाळ्यांच्या पिना एकाच पेटीत ओतून तेल मारलं होतं. त्याची चूक काढायला जागा नव्हती. टेम्पो रिकामा केला.

परत सगळ्या शेकाव्या तर बुधवारी रात्री भट्टी दुसऱ्या मालात अडकलेली आणि गुरुवारी वीज नाही. म्हणून ठरलं की शेकलेल्या पिना तरी वेगळ्या काढायच्या आणि शुक्रवारी सकाळी तेवढ्या पाठवायच्या. कडकपणा मोजायचं मशीन हाताचं असतं. पिन ठेवायची, खालचं चाक फिरवून टेकवायची, दांडा ओढायचा, वजन बसतं, काटा फिरून थांबतो. मॅनेजर म्हणाला, दोन माणसं लावतो. मी म्हणालो, मीच करणार. माल माझा होता.

गुरुवारी शेडमध्ये आम्ही दोघं, मी आणि उपटेसाहेब. पत्र्यातून जेवढा उजेड येईल तेवढा. मी दांडा ओढायचो, आकडा सांगायचो, तो पेन्सिलीनं मांडायचा. पण मी आकडा सांगितला तरी पेन्सिल उचलायचा नाही. पिन त्या त्या पेटीत पडल्याचा आवाज झाला की मग मांडायचा. दहा वाजता बीडवाला आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो पिना पुसून माझ्या हातात द्यायला लागला. मी घ्यायला लागलो.

पहिल्या आठ पिना चांगल्या निघाल्या. आठवी झाल्यावर मी मनात म्हणालो, उगाच गुरुवार घालवला. नवव्या पिनेला काटा पुढं गेला आणि पुढंच थांबला. मी पिन फिरवून दुसऱ्या जागी टेकवली, परत दांडा ओढला. काटा तिथंच. मी ती पिन उचलली, ऐरणीवर ठेवली आणि घण घातला. खडीसाखरेसारखी तुटली. एक तुकडा पत्र्यावर जाऊन वाजला.

टिपरच्या मागं माणसं चालतात. मोटरसायकलवर पोरंबाळं घेऊन जातात. बीडवाल्यानं दहावी पिन पुसून पुढं केली.

दिवस कलताना एका पेटीत दोनशे आठ झाल्या, दुसऱ्या पेटीत दोनशे बारा. त्यांतली एक तुकड्यांत. उपटेसाहेबानं बेरीज दोनदा केली, मग मला करायला लावली.

मग तो टॉर्च घेऊन कॉम्प्युटरजवळ गेला. डब्याचं झाकण काढलं आणि आत बघत उभा राहिला. मी जवळ गेलो. आत डिस्कवर एक कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'तपासली'. खाली त्याची सही.

"ही हलकी डिस्क आहे, मामा. खिशावर हात ठेवून बोलणारी. तुमचं 'परत चालू' हिच्या खिशातच राहिलं."

"पन चिठ्ठी तर तपासल्याची हाय."

"होय. आधीची डिस्क दिवाळीच्या तोंडावर गेली. ही मी तेव्हा एका बुधवारी बसवली. दुसऱ्या दिवशी वायर उपटणारच होतो, म्हणून चिठ्ठी लावून ठेवली. त्या गुरुवारी पोरीला ताप होता, आलो नाही. पुढच्या गुरुवारी झाकण काढलं, चिठ्ठी बघितली, तपासलेली दिसली. बंद केलं. नवं काही बसवलं तरच मी उपटतो, मग नंतरही उपटलं नाही."

"कुनाची चिठ्ठी बघून?"

"माझीच की हो."

मी म्हणालो, "म्हंजे तुमचीबी आधीच लागली, राव."

तो म्हणाला, "लागली, मामा." आणि ती चिठ्ठी नखानं खरवडून काढली. सगळी निघेपर्यंत खरवडत राहिला.

शुक्रवारी मला मेमो मिळाला. आयुष्यातला पहिला आणि शेवटचा. मी तो घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. उपटेसाहेबाला काही मिळालं नाही. मॅनेजरनं डिस्क विकणाऱ्यावर ठपका ठेवला आणि फाईल बंद केली. ह्याचा त्याला फार राग आला. तो केबिनमध्ये गेला आणि मलाही मेमो द्या म्हणाला. मॅनेजर म्हणाला, तुमच्यामुळं तर गाडी थांबली, मेमो कसला देऊ? दोन दिवस त्यांची हीच हुज्जत चालली होती. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच स्वतःला मेमो लिहिला आणि साक्षीदार म्हणून सहीला माझ्याकडं घेऊन आला.

मी पेन काढलं. तो म्हणाला, "वाचून करा, मामा."

पानभर होतं. मला अर्धा तास लागला. तो तेवढा वेळ भट्टीच्या झळीत उभा राहिला. त्यात लिहिलं होतं की, न तपासता 'तपासली' लिहिलं, पुढं मागं जीव गेला असता तर जबाबदार मी. मी सही केली. तो कागद त्यानं स्वतःच्या हातानं फाईलला लावला. लावून झाल्यावर परत उघडून, लागलाय का ते बघितलं.

त्यानंतर मी चिठ्ठीची तार खिशात ठेवायला लागलो. जाळी बाहेर आली की हातमोजा काढायचो आणि तार पिळायचो. डाव्या हाताच्या दोन बोटांवर त्याचे व्रण आहेत. बीडवाल्याला पाळी बदलताना "आत हाय" किंवा "काय न्हाई" एवढं बोलायला लागलो. तो "बरं" म्हणायचा. ह्याच्यापुढं आमचं बोलणं कधी गेलं नाही. त्याची गरजही नव्हती.

पुढच्या वर्षी उपटेसाहेब कंपनी सोडून गेला. पुण्यात वाकडला काचेच्या उंच इमारतीत नोकरी लागली. जायच्या दिवशी त्यानं झाकणावरचा मीटर पुसला, तेल घातलं आणि मला म्हणाला, "ह्याला काढू देऊ नका." मी काढू दिला नाही. मधे एकदा त्याचा फोन आला होता. म्हणाला, इथं मशीनला बॅटरी, बॅटरीला दुसरी बॅटरी, सगळं थंडगार आहे, पण वायर उपटू देत नाहीत. नातीच्या लग्नाला बोलावलं तेव्हा "येतो" म्हणाला नाही. "आलो की कळेल" म्हणाला. आला. पहिल्या पंगतीला जेवला आणि मांडवाच्या बाहेर उभा राहून मला फोन केला, निघालो म्हणून.

मी रिटायर झालो त्या दिवशी शेडमध्येच कार्यक्रम होता. शाल, नारळ, हार. तेव्हा मॅनेजर नवा होता. कुणीतरी लिहून दिलेलं वाचत होता. वाचता वाचता म्हणाला, "इतक्या वर्षांत मामांचा एकही जॉब परत आला नाही." टाळ्या झाल्या.

मला बोलायचं नव्हतं. तरी उठलो. म्हणालो, "परत आला न्हाई हे खरं हाय. एकदा दोनशे बारा पिना माझ्या हिरव्या चिठ्ठीवर न शेकता निघाल्या व्हत्या. त्या गेल्याच न्हाईत, म्हनून परत आल्या न्हाईत. ज्यानं गाडीतनं उतरवल्या तो मानूस आज हितं न्हाई. येवढं त्या कागदात लिवा." आणि बसलो. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पाठीमागून बीडवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला.

फाटकावर आलो. सायकल नातवानं आधीच नेली होती. वॉचमननं रजिस्टर माझ्यासाठी आतल्या स्टुलावर उघडून ठेवलं होतं, वर पेन. म्हणाला, "मामा, सकाळी तुमी येकच सही केली. आता करून टाका, हारतुरे संभाळत कुठं हुबं राहता."

मी फाटकातून बाहेर गेलो. रस्त्यावर उभा राहिलो. गजांमधून हात आत घातला. शाल गजाला अडकली, ती सोडवली.

वॉचमन हसायला लागला. "तुमालाबी लागलं व्हय उपट्याचं याड?"

मी म्हणालो, "रजिस्टर हिकडं सरकव. आन् पेन दे."